मेहुण्याच्या नावावर एमएच-०९ घ्यावी, बेळगावातच केए-२२ घ्यावी, की भाड्यानंच भागवावं?

मच्छे_ते_कॅम्प

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आता गाडी घ्यायची वेळ आली म्हणून विचारतोय. घरात आम्ही दोघं, आई-बाबा आणि एक मुलगी. सध्या दोन बाईक हाईत. मी उद्यमबागला कामाला, घर मच्छेत, म्हणजे रोजचं अंतर काहीच नाही. मुलीची शाळा कॅम्पात. सासरवाडी चंदगडकडं, म्हणजे हद्दीपलीकडं महाराष्ट्रात, महिन्यातनं दोन-तीनदा हद्दीवरच्या शिनोळीवरनं जाणं होतं. वर्षातनं एखादा गोवा, एखादं पंढरपूर, बाबांना जोतिबाला न्यायचं असतं. बजेट सात लाख, ओढून ताणून आठ.

आता घरात चार तोंडं चार बाजूला. मेहुणा म्हणतोय भावजी माझ्या नावावर घ्या की, एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरचा नंबर पडेल, टॅक्स वाचतोय, आमच्याकडं सगळे असंच करतात. बाबांचं म्हणणं कोल्हापुरात एक २०१८ ची डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही बघून ठेवलीय, उंच गाडी हाय, चढायला उतरायला गुडघ्याला बरं. बायकोला नवीन छोटी पेट्रोल पाहिजे. आणि कंपनीतला मित्र म्हणतोय गाडी घेऊच नको, तेवढ्या हप्त्यात वर्षभर भाड्याच्या गाडीनं फिरशील. मला गाडीतलं फारसं कळत नाही, चालवता येतं एवढंच. काय करावं?

घाटातला_तिसरा_गिअर

मी गाड्यांच्या नादाला लागलेला माणूस हाय हे आधीच सांगतो, घरात पोलो हाय, रविवारी पहाटे कारण नसताना चोर्ला घाटात जाऊन येतो. तरीपण तुम्हाला माझ्यासारखी गाडी घ्या म्हणणार नाही, पोलो २०२२ ला बंद झाली आणि असली गाडी ठेवायला हौस लागते आणि ओळखीचा मेकॅनिक लागतो.

तुमच्या घरातली चारही माणसं नंबर, उंची, हप्ता यावर बोलायलेत, पण गाडी रोज कुठं जाणार यावर कोण बोलत नाही. मच्छे ते उद्यमबाग म्हणजे इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही पार्किंगला. असल्या वापराला डिझेल घेऊ नका, कितीही स्वस्त मिळू दे. बीएस-६, म्हणजे नवीन प्रदूषण नियमाच्या डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी, ती काजळी जळायला हायवेला जरा वेळ सलग पळावं लागतं, गावातल्या गावात फिरला की जाळी भरते आणि डॅशबोर्डला दिवा लागतो. बाबांनी बघितलेली २०१८ ची म्हणजे बीएस-४, तिला बहुतेक ही भानगड नसेल, मान्य. पण २०१८ ला डिझेल कोण घेत होतं? ज्याचं रनिंग जास्त तोच घेत होता. म्हणजे गाडीनं लाख-सव्वालाख किलोमीटर बघितलेले असणार, मीटर काय का दाखवेना. आता तिचे इंजेक्टर, टर्बो, क्लच ह्यांची पाळी तुमच्या हातात येणार.

माझं मत सरळ हाय. गाडी आठवड्याच्या रस्त्यासाठी घ्यायची, वर्षातल्या दोन ट्रिपसाठी नाही. तुमचा आठवडा म्हणजे रेल्वे गेट, शाळेसमोरची गर्दी आणि चंदगडचा रस्ता. त्याला १.२ पेट्रोल, मॅन्युअल, छोटी, पाच माणसं नीट बसणारी. वॅगनआर बघा, टियागो बघा, थोडं वर गेलात तर पंच. आईबाबांना चढा-उतरायचं म्हणाल तर उंची म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स नव्हे राव, सीटची उंची बघायची. वॅगनआरचं सीट म्हाताऱ्या माणसाला बरोबर येतंय, वाकायला पण लागत नाही आणि वर उडी पण मारायला लागत नाही. एसयूव्हीला कित्येकदा पायरी लावून घेतात लोक आणि मग त्या पायरीवरनंच घसरतात.

गोवा-पंढरपूरला सगळ्यांना घेऊन जायचं असेल तर अर्टिगा नाहीतर इनोव्हा ड्रायव्हरसकट सांगायची. वर्षाला दोनदा. त्या दोनदासाठी सात सीटचं धूड वर्षभर दारात उभं करून ठेवण्यात काय अर्थ हाय? इकडं तर आता लग्नपत्रिका वाटायला सुद्धा क्रेटा पाहिजे झालीय लोकांना.

जांबोटी_बोलेरो

तिसरा गिअर साहेबांचं शहरापुरतं बरोबर. आमच्याकडं पावसाळ्यात येऊन बघा एकदा. जांबोटी-कणकुंबी साईडला जून ते सप्टेंबर रस्ता कुठला आणि ओढा कुठला कळत नाही, रात्री आजारी माणसाला खाली आणायचं म्हटलं तर छोट्या गाडीचं काम नाही. माझ्याकडं बोलेरो, दिसायला डबा, एसी आपला नावाला, पण खाली लोखंडी चासी हाय आणि मागच्या चाकाला ताकद. कुठल्याबी गावातला गॅरेजवाला खोलतोय. आणि भाड्यानं म्हणालात, रात्री दोनला कोण देतंय भाड्यानं? फोन उचलत नाहीत.

घाटातला_तिसरा_गिअर

दादा तुम्ही बोलेरो ठेवता ते शंभर टक्के बरोबर, तुमचा आठवड्याचा रस्ता तोच हाय. मी पण तेच म्हणतोय. मच्छेच्या माणसाला कणकुंबीची गाडी कशाला?

रात्री दोनचं मात्र मान्य. म्हणूनच गाडी घेऊच नका हे मित्राचं म्हणणं मला पटत नाही. घरात म्हातारी माणसं असली की दारात एक गाडी पाहिजेच. छोटी असू दे, पण पाहिजे.

फाईलवाले_काका

नंबरच्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण ह्यात आपल्याकडं लोक उगीच अर्धवट माहितीवर उड्या मारतात.

आधी हिशोब. समजा गाडी शोरूम किंमतीला साडेसहा लाखाची, पेट्रोल. महाराष्ट्रात दहा लाखापर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के टॅक्स, म्हणजे ७१,५००. कर्नाटकात पाच ते दहा लाखाला १४ टक्के, म्हणजे ९१,०००, वर सेस वेगळा. फरक वीस हजार आणि सेसचे थोडे. बास. बारा लाखाची गाडी असती तर इकडं १७ टक्के, तिकडं १२, म्हणजे साठ हजाराचा फरक, तेव्हा माणूस विचार करतोय हे मी समजू शकतो. सात लाखाच्या गाडीसाठी एवढ्याशा पैशाला दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता घ्यायची म्हणजे कमाल हाय.

आता पुढचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी एका राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि इथला टॅक्स भरावा लागतो. गाडी रोज मच्छेत उभी, पोरगी रोज त्याच गाडीनं कॅम्पात, मग तपासणीत विचारलं तर काय दाखवणार? शिनोळीच्या हॉटेलातलं बिल? खरंच चंदगडात राहतो आणि कामाला बेळगावला येतो त्याचं वेगळं, त्याला कोण काय म्हणत नाही, तशी शेकड्यांनी माणसं रोज येतात.

आणि खरी गोष्ट ह्याच्या पुढं हाय जी मेहुणा सांगणार नाही, कारण त्यालाच माहीत नसेल. विम्यात मालक-चालकाचा १५ लाखाचा अपघात विमा असतो, तो आरसीवर ज्याचं नाव त्यालाच. गाडी तुम्ही चालवताय, उद्या बरंवाईट झालं तर तुमच्या घरच्यांना त्यातला रुपया नाही. उलट बाजूनं, तुमच्या हातनं कोणाला लागलं तर नुकसानभरपाईच्या केसमध्ये नाव मेहुण्याचं. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला स्पष्ट सांगितलंय, आरटीओच्या कागदावर ज्याचं नाव तो मालक, मग गाडी कोणाला विकली, कोण वापरत होता हे सांगून सुटका नाही. म्हणजे वीस हजार वाचवायला तुम्ही त्याला पण अडकवताय. कर्ज काढलं तर ते पण त्याच्या नावावर. आणि उद्या घरात भांडण झालं की मग बघायला नको, दिवाळीला गाडी कोणाच्या दारात उभी हेच चालू राहतंय.

मच्छे_ते_कॅम्प

काका एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. मेहुण्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला बरं झालं भावजी 😄 त्याच्या डोक्यावरचं पण ओझं गेलं बहुतेक.

आता बाबांची गाडी. ते ऐकायला तयार नाहीत. म्हणतात नवीन गाडी शोरूमच्या बाहेर काढली की लाखभर उडाले, जुनीच घे. आणि ती एमएच-०९ जुनी माझ्या नावावर केए-२२ करून घेतली तर सगळं कायदेशीर होईल ना? ती साडेपाचला द्यायला तयार हाय.

फाईलवाले_काका

कायदेशीर होईल. पण साडेपाच ही तिची किंमत नव्हे. कोल्हापूर आरटीओची एनओसी काढायची, फॉर्म २८. त्याआधी कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मग इथं नाव चढवायला २९ आणि ३०, नवीन नंबरला २७. हे झालं कागदांचं, एजंट करून देतोय. पैशाचं बघा. इथला टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो खरा, पण तो धरतात गाडी नवीन असतानाच्या किंमतीवर, तुम्ही साडेपाचला घेतली म्हणून साडेपाचवर नाही. नवीन असताना नऊ-दहा लाखाची गाडी असेल तर सत्तर हजाराच्या खाली बसेल असं मला वाटत नाही. महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेला टॅक्स परत मागता येतो, अर्ज तिकडच्या आरटीओला, पण तो पैसा हातात पडेपर्यंत हिशोबात धरू नका.

म्हणजे साडेपाचची गाडी सव्वासहाच्या घरात गेली, एक रुपयाचं काम करायच्या आधी. त्यापेक्षा जुनीच घ्यायची तर केए-२२ नाहीतर केए-२३ ची बघा. बेळगाव-चिकोडीत काय गाड्यांचा दुष्काळ नाही.

निपाणी_सेकंडहँड

काका बरोबर बोलालेत. मी ह्याच धंद्यात हाय म्हणून दोन गोष्टी सांगतो, गिऱ्हाईक पळालं तरी चालेल.

एक, भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ वर आला, वरचा सेस पण गेला. नवीन गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव खाली यायला पाहिजे. पण विकणारा अजून जुन्याच बिलाकडं बोट दाखवतोय. म्हणून जुन्या गाडीचा भाव करताना त्याच मॉडेलचा आजचा नवीन भाव खिशात घेऊन जायचं, तो समोर धरला की विकणाऱ्याचा आवाज लगेच खाली येतोय.

दोन, पूर. कोल्हापूर-सांगलीची कुठलीपण २०२१ च्या आधीची गाडी बघताना हे डोक्यात ठेवायचंच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळेला किती गाड्या पाण्यात होत्या ते सगळ्यांनी बघितलंय. त्या काय सगळ्या भंगारात गेल्या नाहीत, पुसून पासून बाजारात आल्यात. बाहेरनं कळत नाही, पॉलिश मारून चकाचक. काय करायचं, पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, पार शेवटपर्यंत, आणि खालच्या दोन-अडीच फुटाला मातीची रेघ हाय का बघायची. सीट कव्हर धुतात, मॅट बदलतात, पण बेल्टच्या आतली रेघ सहसा कोण धूत नाही. मग सीट मागं सरकवून रूळ बघायचे, गंज. डिकीतलं स्टेपनी काढून खालचा खड्डा हातानं चाचपायचा, कोपऱ्यात बारीक गाळ बोटाला लागतोय. हेडलाईटच्या आत बघायचं. काचा बंद करून उन्हात अर्धा तास ठेवून दार उघडायचं, वास सांगतोय. आणि गाडीत उदबत्तीचा, परफ्यूमचा घमघमाट असेल तर जास्तच संशय घ्यायचा.

मीटर फिरवलेला हाय का ते ब्रेक पेडलच्या रबरावरनं आणि स्टेअरिंगच्या चामड्यावरनं कळतंय. चाळीस हजार किलोमीटर म्हणतोय आणि पेडल गुळगुळीत, म्हणजे समजून जायचं. टायरवर चार आकडी कोड असतोय, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २०१८ च्या गाडीला २०१८ चेच टायर असतील तर ते फुकट, नवीन चार टायरचे पैसे किंमतीतनं काढायचे. स्कॅनर लावणारा मेकॅनिक घेऊन जावा, हजार-पाचशे घेतील, देऊन टाकायचे.

विमा पण नावावर करून घ्या, १४ दिवसाच्या आत अर्ज. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतोय, गाडीचा नाही. इथं बरेच जण फसतात, जुना बोनस दाखवून हप्ता कमी करून देतो म्हणणारा भेटतोय, मग क्लेमच्या वेळेला नाही म्हणतात.

शनिवार_पणजी

भाड्याबद्दल कोण नीट बोललं नाही म्हणून मी बोलतो, मी कामासाठी सारखं गोव्याला असतो.

भाड्याची सेल्फ ड्राईव्ह गाडी म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. हेच बघायचं. आपल्याकडं ओळखीनं पांढऱ्या पाटीची गाडी दिवसाच्या भाड्यानं देणारे बरेच हाईत, स्वस्त पडतंय, कागद विचारत नाहीत. पण घरगुती गाडी भाड्यानं दिली की विमा कंपनी अपघाताच्या वेळी हात वर करते. चोर्ल्याला वळणावर समोरून टिप्पर आला आणि घासली, की मालक म्हणणार तुम्ही द्या, आणि कायद्यानं तोच चुकीचा असला तरी भांडायला तुमच्याकडं पावती कुठाय?

गाडी घेताना चारी बाजूनं व्हिडिओ काढायचा, छतासकट. खालचा बंपर वाकून बघायचा, तिथंच ओरखडे असतात आणि तेच नंतर तुमच्या नावावर टाकतात. पेट्रोल काट्याचा फोटो.

ड्रायव्हरसकट घेतली तर बाहेरगावला बहुतेक जण दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटर धरतात, तेवढी पळो न पळो. बेळगाव-पणजी जाऊन-येऊन तेवढी होत नाही, म्हणून एका दिवसाच्या गोव्याला महाग पडतंय. पंढरपूरला मात्र अंगावर येत नाही. भत्ता, टोल, परमिट कोणाकडं ते आधी बोलून घ्या. आणि गाडी दुसऱ्या राज्यात जाते, ड्रायव्हरसकटच्या पिवळ्या पाटीच्या गाडीला परमिट लागतंय, बॉर्डरला थांबवून घेतल्यावर मग फोनाफोनी करण्यात अर्थ नाही.

संकेश्वर_उसवाला

एक राहिलं. गाडी कुठलीबी घ्या, उजेड चांगला पाहिजे. नोव्हेंबर सुरू झाला की संकेश्वर-चिकोडी-निपाणी पट्ट्यात रात्री डबल ट्रॉली उसाच्या, मागं रिफ्लेक्टर नाही, लाईट नाही, चढाला थांबलेल्या असतात. समोरच्याचा डिपर डोळ्यावर आला की ट्रॉली दिसतच नाही, एकदम उसाचे वाडेच काचेसमोर. मी स्वतः शेतकरी हाय, माझीच ट्रॉली त्यात असतेय, म्हणून सांगतोय. फॉग लाईटपेक्षा मेन हेडलाईट बघा, आणि एअरबॅग मागच्यांना पण असलेल्या बऱ्या.

आणि ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय? २०१८ ची पेट्रोल गाडी त्याला चालते का? ऊस आमचा, इथेनॉल आमचं, आणि मायलेज पण आमचंच कमी झालं 😂

घाटातला_तिसरा_गिअर

उसवाले दादा 😂 २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या ई-२० साठी बनवलेल्या नाहीत, लगेच बंद पडत नाहीत, पण मायलेज थोडं खातंय आणि जुन्या रबरी पाईप-सीलकडं लक्ष ठेवायला लागतंय. जुनी पेट्रोल घेणाऱ्यानं कंपनीचं मॅन्युअल उघडून बघावं, किंवा टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते. नवीन घेतली की हा प्रश्न नाही.

मच्छेवाले साहेब, ऑटोमॅटिकचं तुम्ही विचारलं नाही पण शोरूमवाला विचारणारच. छोट्या गाड्यात मिळतं ते एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मशीन करतंय. गर्दीत आरामाचं हाय, पण गिअर बदलताना मान पुढं-मागं होते, आणि चढाला ब्रेक सोडल्यावर गाडी मागं सरकते का ते तपासायला पाहिजे, हिल होल्ड असली तर सरकत नाही. घाट उतरताना मॅन्युअल मोडला टाकून दुसऱ्या-तिसऱ्यात उतरायचं, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर खाली येईपर्यंत जळका वास. वहिनी चालवणार असतील तर त्यांनाच चालवून बघू दे, तुम्ही शेजारी गप्प बसा.

मच्छे_ते_कॅम्प

गप्प बसणं अवघड हाय, पण बसतो. बाबा सीटबेल्टची रेघ वाचून एकदम शांत झालेत, म्हणाले जाऊन ओढून बघतो. म्हणजे अजून सोडलेली नाही त्यांनी ती गाडी.

टेस्ट ड्राईव्हला शोरूमवाला पाच मिनिटात फिरवून आणतो, त्यात काय कळणार?

घाटातला_तिसरा_गिअर

काही कळत नाही, म्हणून एकट्यानं जाऊ नका. पाचही जणांना बसवून घेऊन जावा, एसी चालू ठेवा, आणि तिसऱ्या गेटच्या पुलाचा चढ अर्ध्यावर थांबवून पुन्हा उचला. सेल्समन म्हणेल साहेब एवढी माणसं कशाला, त्याला म्हणायचं गाडी ह्याच माणसांसाठी घेतोय. आईंना मागच्या सीटवर मधे बसवून बघा, एकदा त्यांनाच विचारा पाठ कशी वाटते. मागं तिघं बसून चढ उचलताना इंजिन रडत असेल तर तो व्हेरियंट सोडा. आणि बाबांची डिझेल पण त्याच पुलावर घेऊन जावा, त्यांना दोन्हीतला फरक हातात कळू दे, मग ते म्हणतील ती घ्या. फक्त केए नंबरची.

निपाणी_सेकंडहँड

बेल्ट ओढताना ड्रायव्हर साईडचा नको, शेजारच्या सीटचा ओढा. ड्रायव्हरचा रोज वापरून पुसला जातोय.